रिकामे कोअर, चुकीचा आरोपी

भोसरीतली टूलरूम असो, सातपूरमधलं डिझाइन ऑफिस असो की कोल्हापुरातल्या फाउंड्रीचा पॅटर्न विभाग, कॅडवर काम करणाऱ्यांची एक तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. सोळा कोअरचं मशीन घेतलं, पण सॉफ्टवेअर एकच कोअर वापरतं. बाकीचे पंधरा नुसते बसून असतात. महागडं ग्राफिक्स कार्ड टाकलं, तरी एक माप बदललं की स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहतं. या तक्रारीतला अनुभव खरा आहे. तिला जोडून येणारा निष्कर्ष मात्र असा असतो: कॅड कंपन्या आळशी आहेत, दरवर्षी परवान्याचे पैसे उकळतात आणि आत जुनाच कोड चालवतात, त्यांनी मनावर घेतलं तर उद्या सगळे कोअर कामाला लागतील.

हा निष्कर्ष मला मान्य नाही. त्यातला जो अंश खरा आहे त्याकडे मी येईनच, पण मूळ आरोप चुकीच्या माणसावर आहे. तो नुसता चुकीचा असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. तो महागात पडतो. 'आज ना उद्या सॉफ्टवेअर सुधारेल, मशीन आत्ताच तगडं घेऊन ठेवू' या हिशेबाने जॉबवर्क करणारी लहान ऑफिसं कर्ज काढून बत्तीस कोअरची वर्कस्टेशनं घेतात. ग्राफिक्स कार्डाचा खर्च वेगळाच. मग मॉडेल पूर्वीइतकाच वेळ घेतं आणि मालकाचा राग स्क्रीनसमोर बसलेल्या डिझायनरवर निघतो. त्या मुलाचा यात दोष नसतो. दोष खरेदीमागच्या समजुतीचा असतो.

आधी पुरावा म्हणून जे दाखवलं जातं ते पाहू. माप बदलल्यावर मॉडेल नव्याने घडत, म्हणजे रिबिल्ड होत असताना टास्क मॅनेजर उघडायचा आणि प्रोसेसरचा वापर ३ टक्के आहे, हे बोट ठेवून दाखवायचं. सोळा कोअर, प्रत्येकाचे दोन थ्रेड, म्हणजे विंडोजच्या लेखी बत्तीस प्रोसेसर झाले. त्यातला एक पूर्ण ताकदीने राबत असेल तर आकडा शंभर भागिले बत्तीस, म्हणजे सुमारे ३ एवढाच येणार. शिवाय विंडोज ते काम एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहतं, त्यामुळे आलेखात बरेच कोअर थोडे थोडे जागे दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, कोणीच मनापासून काम करत नाही. प्रत्यक्षात त्या क्षणी एक कोअर जीव तोडून धावत असतो आणि इतरांना देण्याजोगं काम शिल्लक नसतं. ते का नसतं, हा खरा प्रश्न आहे, आणि आळशीपणाचा आरोप करणारे नेमका तोच विचारत नाहीत.

या अपेक्षेचा जन्म कुठे झाला हे समजण्यासारखं आहे. १९९० च्या सुमाराचा ४८६ प्रोसेसर ३३ मेगाहर्ट्झवर चालायचा. २००४ अखेरचा पेन्टियम ४ ३.८ गिगाहर्ट्झवर. शंभरपटीहून मोठी ही झेप कॅड वापरणाऱ्याला काहीही न करता मिळाली. दोन वर्षांनी मशीन बदललं की तेच सॉफ्टवेअर, तेच मॉडेल झपाट्याने चालायचं. पण २००४ सालीच इंटेलने आपला 'तेजस' नावाचा पुढचा प्रोसेसर रद्द केला आणि ४ गिगाहर्ट्झच्या पेन्टियमचा बेतही सोडून दिला. चिप तापत होती, वीज खात होती. तिथून कारखानदारांनी एकाच चिपवर दोन, चार, आठ कोअर द्यायला सुरुवात केली. २००५ साली हर्ब सटर यांनी 'द फ्री लंच इज ओव्हर' या लेखात प्रोग्रामरांना बजावलं की यापुढे वेग आपोआप मिळणार नाही, कामाचे तुकडे तुम्हालाच पाडावे लागतील. वापरणाऱ्यांनी यातलं अर्धंच ऐकलं: कोअर वाढले म्हणजे वेग वाढला पाहिजे. काम तुकड्यांत पडलं पाहिजे, ही अट राहून गेली.

ती अट काय करते, हे जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ सालीच मांडलं होतं. समजा एका मॉडेलच्या रिबिल्डला एका कोअरवर १०० सेकंद लागतात आणि त्यातली ७० सेकंदं अशी आहेत की ती कामं एकामागून एकच होऊ शकतात. उरलेली ३० सेकंदं वाटून घेता येतात. चार कोअरवर हे काम साडेसत्त्याहत्तर सेकंदांत होईल, सोळांवर सुमारे बहात्तर, चौसष्टांवर साडेसत्तर. चारवरून चौसष्टवर जाण्यासाठी मोजलेल्या पैशांतून सात सेकंदं हाती लागली. आता कोअर चारच ठेवा, पण प्रत्येक कोअर वीस टक्क्यांनी वेगवान घ्या: वेळ पासष्ट सेकंदांच्या आत-बाहेर येतो. चौसष्ट कोअरला चार कोअरने मागे टाकलं. यात कोणाचीही इच्छाशक्ती किंवा आळस येत नाही. ही बेरीज-भागाकाराची गोष्ट आहे. उलट भरपूर कोअरच्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरचा वेग बहुधा कमी ठेवलेला असतो, म्हणून काही ऑफिसांत नवं, महाग मशीन जुन्यापेक्षा हळू चालतं आणि लोक बुचकळ्यात पडतात.

मग प्रश्न येतो तो त्या सत्तर सेकंदांचा. कॅडमध्ये एवढं काम एकामागून एक का असतं? इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण सगळा वाद इथेच सुटतो.

पंपाचं एक साधं हाउसिंग घ्या. आधी स्केच, मग एक्स्ट्रूड. कास्टिंग साच्यातून सुटावं म्हणून भिंतींना ड्राफ्ट. मग शेल, म्हणजे आतून पोकळ करून भिंतीची जाडी नक्की करणं. मग आतल्या भिंतीपर्यंत जाणाऱ्या रिब. रिब आणि भिंत जिथे भेटतात त्या कडांवर फिलेट. शेवटी बोल्टची भोकं. आता पहिल्या स्केचमधलं एक माप बदला. ड्राफ्टला नव्या भिंती हव्यात, शेलला ड्राफ्ट दिलेल्या भिंती हव्यात, रिबला शेलने तयार केलेला आतला पृष्ठभाग हवा. ज्या कडेवर फिलेट द्यायचा आहे ती कड रिब पूर्ण होईपर्यंत अस्तित्वातच नसते. जी कड अजून जन्मली नाही तिच्यावरचं काम दुसऱ्या कोअरला आधीच कसं देणार? एका शाफ्टला आधी टर्निंग, मग कीवे, मग ग्राइंडिंग लागतं. शॉपवर दहा लेथ असले म्हणून तो एक शाफ्ट दहापट लवकर होत नाही, दहा शाफ्ट मात्र होतात. शॉपवरच्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. तोच माणूस संगणकासमोर बसला की मात्र ही गोष्ट त्याला पटेनाशी होते.

ही पायऱ्यांची साखळी कंपन्यांनी निष्काळजीपणे सोडलेली नाही. तीच तर आपण विकत घेतली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सॅम्युएल गाइसबर्ग यांच्या पीटीसीने प्रो/इंजिनीअर आणलं ते याच कल्पनेवर: मॉडेल म्हणजे नुसता आकार नाही, तो कसा घडला त्याचा इतिहास, मागची एक पायरी बदला, पुढचं सगळं आपोआप सुधारेल. १९९५ साली सॉलिडवर्क्सने तीच कल्पना विंडोजच्या साध्या पीसीवर आणली. 'आपोआप सुधारेल' या दोन शब्दांच्या सोयीसाठी आपण ड्रॉइंग बोर्ड सोडले, त्यावर आपल्या डिझाइन बदलांची सगळी पद्धत बसवली. पुढचं सगळं मागच्यावर अवलंबून असणं ही त्या सोयीची किंमत आहे. सोय हवी आणि अवलंबन नको, असं होत नाही.

साखळीच्या एकेका कडीत शिरलं तरी अडचण संपत नाही. फिलेट किंवा कट करताना सॉफ्टवेअरच्या पोटातलं भूमितीचं इंजिन, ज्याला कर्नल म्हणतात, दोन पृष्ठभाग एकमेकांना कुठे छेदतात ते शोधतं. सॉलिडवर्क्स, एनएक्स, सॉलिड एज आणि ऑनशेप यांचा कर्नल पॅरासॉलिड, कॅटियाचा सीजीएम. दोन बायक्युबिक पृष्ठभागांच्या छेदरेषेचं समीकरण सर्वसाधारणपणे ३२४ व्या घाताचं असतं. ते कागदावर सोडवण्याची सोयच नाही. म्हणून कर्नल रेषेवरचा एक बिंदू शोधतो, तिथून दिशा काढतो, थोडं पुढे सरकतो, पुन्हा बिंदू नेमका करतो. पुढचं पाऊल मागच्या पावलावरूनच पडतं. वाटेत पृष्ठभाग एकमेकांना नुसते चाटून जात असतील, एखादी कड टॉलरन्सच्या आतच दुसरीला भिडत असेल, तर प्रत्येक ठिकाणी वेगळा निर्णय घ्यावा लागतो.

ग्राफिक्स कार्डाला हे काम नेमकं नावडतं आहे. कार्डावर हजारो छोटे कोअर असतात, पण एनव्हिडियाच्या कार्डांत ते बत्तीस-बत्तीस थ्रेडच्या गटाने एकच सूचना एका वेळी पाळतात. सगळ्यांचं काम सारखं असेल तर वेग डोळे दिपवणारा. एकाने डावीकडे वळायचं आणि दुसऱ्याने उजवीकडे, असं झालं की एकाला थांबवून दुसरा चालतो आणि कार्डाचा फायदा गळून जातो. दुसरी अडचण अचूकतेची. पॅरासॉलिड एक किलोमीटर बाजूच्या घनात मावणारा आकार हाताळतो आणि मीटरचा दहा कोटीवा भाग ही त्याची लांबीची अचूकता आहे. मोठ्यात मोठं माप आणि लहानात लहान फरक यांचं प्रमाण दहा हजार कोटींस एक. एकेरी अचूकतेच्या आकडेमोडीत सुमारे सातच अंक विश्वासाचे असतात; एवढं प्रमाण पेलायला दुहेरी अचूकता, म्हणजे पंधरा-सोळा अंक लागतात. आणि अलीकडच्या पिढ्यांतल्या एनव्हिडियाच्या बहुतेक डेस्कटॉप कार्डांवर दुहेरी अचूकतेचा वेग एकेरीच्या चौसष्टाव्या भागाइतका आहे. जाहिरातीतला प्रचंड आकडा एकेरीचा असतो. तो खोटा नसतो, पण डाय बनवणाऱ्याच्या उपयोगाचाही नसतो.

'गेम बघा, लाखो त्रिकोण सेकंदाला साठ वेळा रंगवले जातात, मग कॅडला काय धाड भरली?' हा प्रश्न मला तरुण इंजिनीअर नेहमी विचारतात. गेममधला प्रत्येक त्रिकोण आधीच तयार असतो आणि शेजारच्या त्रिकोणाचं काय झालं याची त्याला फिकीर नसते. कॅडमध्येही तुम्ही मॉडेल माउसने फिरवता तेव्हा स्क्रीनवर त्रिकोणच असतात, आणि ते फिरवण्याचं काम ग्राफिक्स कार्डच करतं. त्या त्रिकोणांमागे नेमका पृष्ठभाग असतो आणि रिबिल्डमध्ये बदलतो तो पृष्ठभाग. गेममधल्या भिंतीत दोन त्रिकोणांमध्ये केसाएवढी फट राहिली तर कोणी हरत नाही. मोल्डच्या कॅव्हिटीत राहिली तर मॉडेल 'सॉलिड' राहत नाही आणि टूलपाथ निघत नाही.

काम खरोखर तुकड्यांत पडतं तिथे ते पाडलं गेलेलं आहे, हे आरोप करणारे सांगत नाहीत. रेंडरिंग घ्या: प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र, त्यामुळे सगळे कोअर किंवा सगळं कार्ड कामाला लागतं. ताणाचं, टकरीचं, प्रवाहाचं विश्लेषण घ्या: वस्तूचे लाखो घटक करून त्यांचे प्रदेश वेगवेगळ्या कोअरना वाटता येतात. पुण्यात हे पटवून द्यायची गरज नसावी. १९९१ साली सी-डॅकने इथेच परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो याच तत्त्वावर, अनेक प्रोसेसरांना एका मोठ्या गणिताचे तुकडे वाटून. १९८८ साली सँडिया प्रयोगशाळेतले जॉन गुस्ताफसन यांनी अ‍ॅमडालना उत्तर दिलं होतं की गणित मोठं करत नेलं तर वाटण्याजोगा भागही मोठा होतो. ते बरोबर आहे, आणि विश्लेषणाला लागूही पडतं: कोअर वाढले की त्या घटकांची जाळी, म्हणजे मेश, अधिक बारीक करता येते. मात्र डिझायनरला रिबिल्डमध्ये मोठं गणित नको असतं. तेच मॉडेल लवकर हवं असतं. अ‍ॅन्सिसने डिस्कव्हरी लाइव्ह आणलं तेव्हा ग्राफिक्स कार्डावर विश्लेषण डोळ्यांदेखत बदलू लागलं, आणि पुढे तेच तंत्र पीटीसीने आपल्या क्रिओ या कॅडमध्ये घेतलं. म्हणजे कार्ड कसं वापरायचं हे या कंपन्यांना ठाऊक आहे. एकाच घरातले, त्याच पगारावरचे लोक विश्लेषणात कार्ड वापरतात आणि रिबिल्डमध्ये वापरत नाहीत, तर कारण आळसात शोधणं हा विचाराचा आळस झाला.

आणखी एक कसोटी आहे, आणि माझ्या मते तीच निर्णायक. ओपन कॅस्केड हा भूमितीचा कर्नल १९९९ पासून खुला आहे. फ्रीकॅड त्यावरच चालतं. तिथे परवान्याची फी नाही, ग्राहकाला अडकवून ठेवण्यात कोणाचा फायदा नाही. कोड कोणीही उघडून वाचावा. त्यात काय दिसतं? आकार जोडण्या-कापण्याच्या, म्हणजे बूलियन क्रिया समांतर चालवण्याची सोय आहे, मेश समांतर बनवण्याची सोय आहे. पण बूलियनच्या आत टप्पे आहेत: आधी बिंदू-बिंदू, मग बिंदू-कड, मग कड-कड, असं करत पृष्ठभाग-पृष्ठभाग. प्रत्येक टप्प्याच्या आतलं काम वाटता येतं, पण मागचा टप्पा संपल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही. आणि फीचर ट्री, म्हणजे पायऱ्यांची ती साखळी, फ्रीकॅडमध्येही ओळीनेच चालते. गेल्या पंचवीस वर्षांत जगभरच्या हुशार माणसांनाही ती साखळी तोडता आली नाही. लबाड कंपनी हे सगळ्याचं उत्तर असेल, तर जिथे परवानाच विकला जात नाही तिथली साखळी कोणी बांधली?

समांतर काम करण्यात एक धोकाही आहे, ज्याची चर्चा जवळजवळ होत नाही. संगणकातल्या दशांश आकड्यांची बेरीज कोणत्या क्रमाने केली यावर शेवटचे अंक बदलतात. पाच कोअरनी बेरीज केली आणि ज्याचं आधी झालं त्याचं आधी मिळवलं, तर आज एक उत्तर, उद्या किंचित वेगळं. हवामानाच्या गणितात ते खपून जातं. कॅडमध्ये तो किंचित फरक टॉलरन्सच्या सीमेवर पडला तर एक कड आहे की नाही, हा निर्णयच पालटतो. मग तिच्यावरचा फिलेट मोडतो, आणि त्यानंतरचं सगळं लाल होतं. ज्या डायचं मॉडेल दहा वर्षांनी दुरुस्तीसाठी उघडायचं आहे ते दहा वर्षांनीही तसंच उभं राहिलं पाहिजे. आज दोन सेकंदं वाचवून ही खात्री गमवायला मी तरी तयार नाही, आणि ज्याने एकदा मोल्डचा स्टील ब्लॉक वाया गेलेला पाहिला आहे तोही नसेल.

याच्या जोडीला तुमचे-आमचे मॅक्रो आहेत. ऑटोलिस्पच्या फाइली, बिल ऑफ मटेरियल काढणारे छोटे प्रोग्राम, कोणीतरी कधीतरी लिहून गेलेलं अ‍ॅड-इन. ऑटोकॅड काय, रेव्हिट काय, बाहेरचा प्रोग्राम त्यांच्याशी मुख्य थ्रेडवरूनच बोलतो. उद्या हा नियम मोडला तर सगळ्यात आधी आपलेच मॅक्रो कोसळतील आणि त्याच दिवशी आपणच फोन करू.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा मी टाळणार नाही. ते म्हणतात, साखळी अटळ असेल तर एनटॉपसारखं सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डावर आकार कसे घडवतं? खरंच घडवतं. तिथे आकार म्हणजे एक सूत्र: अवकाशातला कोणताही बिंदू द्या, ऋण उत्तर आलं तर तो आत, धन आलं तर बाहेर. दोन आकार जोडायचे तर दोन उत्तरांतलं लहान घ्यायचं. छेदरेषा शोधायला नको, जोडणी फसण्याचा प्रश्न नाही, आणि प्रत्येक बिंदूचं उत्तर शेजाऱ्याला न विचारता काढता येतं. मॅथ्यू कीटर यांनी २०२० साली सिग्राफ परिषदेत मांडलेल्या कामात असे गुंतागुंतीचे आकार ग्राफिक्स कार्डावर किती झटपट रंगवता येतात ते दाखवलं. जाळीदार हलके भाग, हीट एक्स्चेंजर, हाडात बसवायचे इम्प्लांट, थ्रीडी प्रिंटिंगची सगळी दुनिया: तिथे ही पद्धत जुन्या कॅडला मागे टाकते, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण त्या आकारात 'हा पृष्ठभाग', 'ही कड' अशी हाताला लागणारी वस्तू मुळातून नसते. ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहायचं ते पृष्ठभागावर, मोल्डची पार्टिंग लाइन काढायची ती कडांवरून, ग्राहकाला स्टेप फाइल द्यायची ती पृष्ठभाग आणि कडांची. चाकणमधल्या वाहन कारखान्याला पुरवठा करणाऱ्या माणसाने उद्या सूत्र पाठवून चालणार नाही. म्हणजे या उदाहरणाने एवढंच सिद्ध होतं की समांतर काम हवं असेल तर आकार मांडण्याची रीतच बदलावी लागते. जुन्याच रीतीत कोअर जुंपले नाहीत म्हणून कोणाला आळशी ठरवणं त्यातून सिद्ध होत नाही.

आता कंपन्यांच्या पदरातला दोष. तो आहे, आणि माझा राग त्यावर आरोप करणाऱ्यांइतकाच आहे. फक्त तो वेगळ्या जागी आहे. मॉडेल फिरवण्या-दाखवण्याच्या कामात त्यांनी खरोखर उशीर केला. सॉलिडवर्क्सने प्रदर्शनाची यंत्रणा नव्याने मांडून जास्त भार कार्डाकडे वळवला तो २०१९च्या आवृत्तीत, आधी चाचणीपुरता. कार्डं त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून तयार होती. ड्रॉइंगवरची वेगवेगळी दृश्यं, असेंब्लीतले एकमेकांशी न जोडलेले भाग, फीचर ट्रीमधल्या परस्परांशी संबंध नसलेल्या फांद्या: हे सगळं वाटून देण्याजोगं काम आहे आणि सगळीकडे ते पुरेसं वाटलं जात नाही. पण सगळ्यात मोठा दोष मला विक्री पत्रकातल्या दोन शब्दांत दिसतो: 'मल्टिकोअर सपोर्ट'. हे शब्द ग्राहकाला काहीच सांगत नाहीत. कोणत्या कमांडला? किती कोअरपर्यंत? ऑटोकॅडमध्ये 'व्हिपथ्रेड' नावाचं एक व्हेरिएबल आहे; ते रिजनरेशनला जादा प्रोसेसर वापरायचा की रीड्रॉला की दोन्हींना, एवढं स्पष्ट सांगतं. इतका प्रामाणिकपणा प्रत्येक कमांडच्या बाबतीत का नको? कंपन्यांना हे ठाऊक असतं. पीटीसी, सीमेन्स आणि दासो या तिघांचीही मोठी केंद्रं पुण्यात आहेत; जिओमेट्रिकसारख्या आपल्या कंपनीने फीचर ओळखणारी सॉफ्टवेअरं इथेच वाढवली. आळशी म्हणून ज्यांना हिणवलं जातं त्यांतले कितीतरी जण आपल्याच शहरात, आपल्याच भाषेत बोलतात. त्यांना विचारलं तर ते कोणती कमांड कुठे अडते हे नेमकं सांगतात. ते ज्ञान विक्री पत्रकापर्यंत पोचू दिलं जात नाही, आणि ही खरी फसवणूक आहे.

साखळी किती लांब असावी, हे मात्र बऱ्याच अंशी मॉडेल बनवणाऱ्याच्या हातात असतं, आणि हा विषय आपल्याकडे कोणी काढत नाही. मॉडेल उघडा, प्रत्येक फीचरला किती वेळ लागतो ते दाखवणारं साधन चालवा. सॉलिडवर्क्समध्ये ते कायम हाताशी असतं. बहुतेक वेळा दोन-चार फीचर निम्म्याहून अधिक वेळ खाताना दिसतात. खरे आटे कापलेला बोल्ट असेंब्लीत साठ ठिकाणी बसवलेला असतो, जिथे नुसती दर्शक खूण पुरली असती. शोभेचे फिलेट सुरुवातीलाच देऊन पुढची सगळी स्केचं त्यांच्या कडांना बांधलेली असतात. असेंब्लीत एका भागाचं माप दुसऱ्यावरून, दुसऱ्याचं तिसऱ्यावरून घेतलेलं असतं. डेल्फाय या वाहनांचे भाग बनवणाऱ्या कंपनीने फीचरांमधलं हे अवलंबन कमी ठेवण्याच्या पद्धतीवर पेटंट घेतलं, यावरून तिथे या प्रश्नाकडे किती गांभीर्याने पाहिलं गेलं ते कळावं. सीमेन्सने २००८ साली सिंक्रोनस टेक्नॉलॉजी आणली तीही इतिहास पुन्हा न चालवता आकार थेट बदलता यावा म्हणून. आपल्या क्लासांत मुलांना कमांड शिकवतात. कोणतं फीचर कोणावर उभं आहे, हे शिकवत नाहीत. परीक्षेत आकार जुळला की गुण मिळतात. मग तो मुलगा नोकरीला लागतो, मॉडेल जड होतं आणि मालक नवं मशीन मागवतो.

त्यामुळे माझं मागणं आरोप करणाऱ्यांपेक्षा वेगळं आहे. कंपन्यांनी प्रत्येक आवृत्तीसोबत कमांडवार तक्ता द्यावा: काय एका कोअरवर चालतं, काय अनेकांवर, काय कार्डावर. ट्रीमधल्या स्वतंत्र फांद्या स्वतंत्रपणे चालवाव्यात. रिबिल्ड मधेच थांबवता यावं आणि थांबवल्यावर मॉडेल शाबूत राहावं. सोळाव्या कोअरपेक्षा ही सोय डिझायनरचा जास्त वेळ वाचवेल. आणि मशीन घेणाऱ्याने, मोल्ड-डायचं मॉडेलिंग हेच मुख्य काम असेल तर, कोअरच्या संख्येआधी एका कोअरचा वेग, मोठी कॅश आणि पुरेशी रॅम पाहावी. कार्ड सॉफ्टवेअर कंपनीने प्रमाणित केलेल्या यादीतलं, मध्यम दर्जाचं घ्यावं. रेंडरिंग किंवा विश्लेषण रोज चालत असेल तरच कोअर आणि कार्डावर पैसे ओतावेत. पैसे देण्याआधी आपलं सगळ्यात जड मॉडेल पेन ड्राइव्हवर घेऊन विक्रेत्याकडे जावं, त्याच्या मशीनवर ते रिबिल्ड करून दाखवायला सांगावं आणि आपल्या जुन्या मशीनवरच्या वेळेशी ताडून पाहावं. विक्रेता याला तयार नसेल, तर ती खरेदी तिथेच थांबवावी.